डार्विनचा पत्रव्यवहार : घरगुती पत्रे वगळून केवळ शास्त्रीय पत्रे वाचावीत का?

नगरकर_वाचक

सर्वांना नमस्कार.

गेल्या महिन्यात मी चार्ल्स डार्विनचे माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनाभिव्यक्तीवरील १८७२ सालचे पुस्तक वाचायला घेतले आणि प्रस्तावनेतल्या एका वाक्यापाशीच थांबलो. निरनिराळ्या देशांतून ज्यांनी त्याला माहिती पाठवली त्यांचा उल्लेख करताना तो लिहितो, की मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्ह्यात राहत असताना एच. अर्स्किन या गृहस्थाने तेथील रहिवाशांच्या चेहऱ्यावरील भावांकडे लक्ष पुरवले, परंतु युरोपीय माणसासमोर आपल्या भावना झाकून ठेवण्याची त्या लोकांना सवय असल्यामुळे खात्रीचा निष्कर्ष काढणे त्याला फार अवघड गेले. याच अर्स्किनने कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली आणि काही मुद्द्यांवर जाणत्या एतद्देशीय गृहस्थांचे मत घेतले, असेही तेथे नोंदलेले आहे. माझे सगळे बालपण याच जिल्ह्यात गेले. आमच्या घराण्यातली माणसे त्या काळी तेथेच जिरायती शेती करत होती. केंटमधल्या एका खेड्यात बसलेल्या माणसाला त्यांच्या चेहऱ्यांबद्दल कुतूहल होते आणि ते कुतूहल टपालाने आमच्या गावांपर्यंत पोहोचले होते, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसून राहिलो.

त्यानंतर मी त्याच्या पत्रव्यवहाराकडे वळलो आणि त्याचा पसारा पाहून गांगरून गेलो. आज माहीत असलेली पत्रे पंधरा हजारांच्या वर आहेत, पत्रे लिहिणारे आणि घेणारे मिळून सुमारे दोन हजार लोक आहेत, आणि छापील आवृत्तीचे तीस खंड झाले आहेत. माझे वय आणि डोळे पाहता हे सगळे वाचून होणार नाही. म्हणून मी अशी योजना केली आहे, की बायकोमुलांची, आजारपणाची, नातेवाइकांची पत्रे बाजूला ठेवावीत आणि केवळ शास्त्रीय विषयावरची पत्रे वाचावीत. यामागे वेळेचा प्रश्न आहेच, पण संकोचही आहे. नवरा-बायकोने एकमेकांना लिहिलेले, मुलाच्या मृत्यूबद्दल लिहिलेले आपण का वाचावे, असे मला मनापासून वाटते.

ही योजना योग्य आहे का? आणि सुरुवात कोणापासून करावी? आपल्या देशाशी संबंध असलेली पत्रे कोणती, हेही कोणी सांगितले तर आभारी राहीन.

---

जुनी_पाने

नगरकर, गेली सहा-सात वर्षे मी ही पत्रे सवडीने वाचत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण म्हणता तशीच चाळणी मीही सुरुवातीला लावली होती. ती एका तारखेने मोडली : २९ जून १८५८.

त्या महिन्यात काय घडले ते बहुतेकांना ढोबळ स्वरूपात माहीत असते. मलाया द्वीपसमूहातल्या टर्नाटे बेटावरून आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने पाठवलेला लेख डार्विनच्या हाती पडला आणि निसर्गनिवडीतून प्रजाती बदलत जातात या ज्या विचारावर तो वीस वर्षे काम करत होता, तोच विचार त्याला दुसऱ्याच्या अक्षरात वाचावा लागला. १८ जूनला त्याने भूशास्त्रज्ञ लायलला कळवले, की आपले जे काही स्वतंत्र म्हणून असेल ते सगळे आता मोडीत निघणार. पाठोपाठच्या पत्रात तो विचारतो, की आता घाईने आपले लेखन छापणे सभ्यपणाचे होईल का, कारण वॉलेसच्या मनात आपल्याविषयी हलकेपणा यावा यापेक्षा सगळे लेखन जाळून टाकलेले बरे. येथपर्यंतची पत्रे आपल्या ‘शास्त्रीय’ गटात नीट बसतील.

पण त्याच दिवसांत घरात काय चालले होते ते पाहा. मुलगी हेन्रिएटा घटसर्पाने आजारी होती आणि दीड वर्षाचे सर्वांत धाकटे मूल, चार्ल्स वॉरिंग, लोहितज्वराने फणफणले होते. २८ जूनला ते मूल गेले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २९ जूनला, डार्विनने वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकरला दोन पत्रे लिहिली. हूकर आणि लायल यांना वॉलेसच्या लेखासोबत डार्विनच्या कामाचा पुरावा हवा होता, आणि दुसऱ्या पत्रासोबत तो पुरावा गेला : अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे याला ५ सप्टेंबर १८५७ रोजी लिहिलेल्या पत्राचा गोषवारा आणि १८४४ सालचे हस्तलिखित. हे हस्तलिखित पूर्वी हूकरने वाचून त्यावर शेरे लिहिले होते. ते पाठवताना डार्विन म्हणतो, की तू ते खरेच वाचले होतेस हे तुझ्याच अक्षरावरून तुला दिसावे, एवढ्यासाठीच पाठवत आहे. याच पत्रात तो कळवतो, की आपण पूर्णपणे गळून गेलो आहोत, बहुधा आता फार उशीर झाला आहे आणि आपल्याला त्याचे फारसे काही वाटतही नाही. १ जुलैला लंडनमध्ये लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेच्या सभेत दोघांचे लेखन वाचले गेले. त्याच दिवशी डाउन या डार्विनच्या गावात त्या मुलाचे दफन होते.

हे पत्र मी कोणत्या गटात ठेवावे, हे मला ठरवता आले नाही. घरातल्या मृत्यूचा भाग काढून ते वाचले तर ‘मला त्याचे फारसे काही वाटत नाही’ हे वाक्य एखाद्या विरक्त शास्त्रज्ञाच्या तोंडचे वाटते. प्रत्यक्षात ते आदल्या दिवशी मूल गमावलेल्या बापाचे आहे. शास्त्राच्या इतिहासातली नोंद म्हणूनसुद्धा त्या वाक्याचा अर्थ घरातल्या पत्रांशिवाय लागत नाही.

आणखी एक गोष्ट यातून लक्षात येते. त्या सभेत डार्विनच्या बाजूने जे वाचले गेले, त्यातला अर्धा भाग पत्राचाच होता. एका मित्राला विश्वासाने, कोणाला सांगू नकोस म्हणून लिहिलेले पत्र दहा महिन्यांनी अग्रक्रमाचा, म्हणजे विचार आधी कोणाला सुचला याचा, दाखला ठरले. त्यामुळे त्या काळातले खासगी पत्र आणि आजचा शोधनिबंध यांच्यामध्ये आपण जी भिंत धरून चालतो ती तेव्हा तशी उभी नव्हती.

सुरुवात कोणापासून करावी असे विचाराल तर हूकरपासूनच करावी. दोघांची मिळून सुमारे चौदाशे पत्रे आहेत. ११ जानेवारी १८४४ चे पत्र आपण कदाचित उद्धृत केलेले पाहिले असेल : प्रजाती अचल नाहीत अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, असे सांगताना डार्विन कंसात लिहितो, की हे म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखे आहे. पण हे वाक्य ज्या पत्रात आहे ते सगळे पत्र वाचावे. त्याच्या मागेपुढे बेटांवरच्या वनस्पतींबद्दल प्रश्नच प्रश्न आहेत. ज्याच्याशी ओळख होऊन फार दिवस झालेले नाहीत अशा माणसापुढे तो आधी कामाचे बोलतो, मग मधेच हे सांगून टाकतो आणि पुन्हा कामाकडे वळतो. एकोणीस वर्षांनी, सप्टेंबर १८६३ मध्ये, हूकरची सहा वर्षांची मुलगी गेली. तेव्हा तासाभराच्या आत त्याने डार्विनला पत्र लिहिले, की या दुःखात इतर कोणाही मित्रापेक्षा मला तुझी आठवण जास्त येत आहे. पहिले पत्र शास्त्रीय आणि दुसरे घरगुती म्हणून वेगळे केले, तर या दोन माणसांमध्ये काय घडत गेले हे कळणारच नाही.

---

बीजांकुर

मी अनेक वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. मला या पत्रांमध्ये गोडी आहे ती वेगळ्या कारणासाठी. पत्र हे डार्विनचे उपकरण होते. सूक्ष्मदर्शक जसा टेबलावर असतो तसे टपाल त्याच्या दारात होते.

१८४२ च्या सप्टेंबरात तो लंडन सोडून डाउनला राहायला गेला आणि आजारपणामुळे पुढची चाळीस वर्षे तेथून फारसा हलला नाही. त्याच्या दोन वर्षे आधी इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर कोठेही पत्र जाण्याची सोय झाली होती. या दोन गोष्टी जुळून आल्या नसत्या तर त्याच्या कामाचे स्वरूप पुष्कळ वेगळे झाले असते, असे मला वाटते. ज्या माणसाला प्रवास झेपत नव्हता, त्याच्याकडे कबूतरांची कातडी मद्रासहून सर वॉल्टर एलियट पाठवत होते. निसर्गशास्त्रज्ञ फ्रिट्झ म्युलर ब्राझीलच्या जंगलातून लिहीत होता (या दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, तरी डार्विन त्याला निरीक्षकांचा राजा म्हणत असे). न्यू जर्सीहून मेरी ट्रीट कीटकभक्षी वनस्पतींबद्दल कळवत होती. एलियट यांच्याबद्दल आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जोड देतो : त्यांनी पूर्वी दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची सूची केली होती आणि ती १८३९ मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापून आली होती. म्हणजे धारवाडच्या परिसरातले रान पायाखालून घातलेला माणूस पुढे डार्विनला पक्षी पाठवत होता.

घरगुती आणि शास्त्रीय यांची सरमिसळ कशी होते, याचे माझे आवडते उदाहरण १८५५ सालचे आहे. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बी किती दिवस जिवंत राहते, हे डार्विनला पाहायचे होते. दूरच्या बेटांवर वनस्पती पोहोचल्या कशा, हा प्रश्न त्यावर अवलंबून होता. हूकरला वाटत होते, की बिया लवकरच मरतील. डार्विनने घरातच बाटल्यांमध्ये मिठाचे पाणी भरून बिया भिजत घातल्या आणि हूकरला कळवले, की मुले सुरुवातीला भलतीच उत्सुक होती आणि आपण डॉक्टर हूकरला हरवणार का, असे वारंवार विचारत होती. पुढे ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस खाऱ्या पाण्यात राहूनही रुजल्या, हा आकडा त्याच्या मुख्य ग्रंथात आला. ग्रंथात तो आकडा आहे. मुलांची उत्सुकता आणि हूकरशी लागलेली पैज पत्रांत आहे. विद्यार्थ्यांना हा प्रयोग सांगताना मी नेहमी पत्रातून सुरुवात करत असे, कारण त्यांना ते घर डोळ्यांपुढे दिसत असे आणि मग २८ दिवसांचे महत्त्व आपोआप कळत असे.

आता आपल्या अर्स्किनकडे येतो. भावनाभिव्यक्तीबद्दल डार्विनने १८६७ मध्ये एक प्रश्नावली तयार केली आणि ती जगभर पाठवली. पुस्तकात तिच्यातले १६ प्रश्न दिलेले आहेत. आश्चर्य वाटले की डोळे व तोंड उघडतात का आणि भुवया वर जातात का. लाज वाटली की चेहरा लाल होतो का, आणि ती लाली शरीरावर कोठपर्यंत उतरते. एखादी गोष्ट आपल्याच्याने होणार नाही हे दाखवताना माणूस खांदे उडवतो का, असे ते प्रश्न आहेत. खाली त्याने कळकळीची सूचना केली होती, की स्मरणशक्ती फार फसवी असते, तेव्हा आठवणीवर विसंबून उत्तर देऊ नये. त्याच्याकडे ३६ जणांची उत्तरे आली.

त्यांपैकी सर्वांत भरघोस आणि मोलाची माहिती कलकत्त्याच्या जॉन स्कॉटने पाठवली, असे डार्विनने स्वतःच म्हटले आहे. या स्कॉटची पत्रे आपण अवश्य वाचावीत. तो एडिंबराच्या वनस्पती उद्यानात माळीकाम करणारा तरुण होता. १८६२ मध्ये त्याने, ओळखदेख नसताना, डार्विनच्या ऑर्किडवरील पुस्तकातली चूक दाखवणारे पत्र लिहिले. डार्विनने ते मनाला लावून न घेता त्याला प्रयोग सुचवायला सुरुवात केली आणि दोघांमध्ये प्रिम्युला, ऑर्किड आणि कृष्णकमळाच्या कुळातील वनस्पतींवर लांबलचक पत्रव्यवहार झाला. पुढे स्कॉटचे वरिष्ठांशी पटेना. तेव्हा डार्विनने स्वतःच्या पैशाने त्याचा हिंदुस्थानचा प्रवासखर्च केला, आणि हूकरच्या ओळखीमुळे त्याला कलकत्त्याच्या उद्यानात काम मिळाले. एका माळ्याने मोठ्या शास्त्रज्ञाची चूक काढावी, आणि त्यातून त्याला आयुष्यभराचा आधार मिळावा, ही कथा केवळ शास्त्रीय परिच्छेद वाचून हाती लागणारी नाही. प्रवासखर्च, रागलोभ, शिफारसपत्रे हे सगळे त्या प्रयोगांच्या मधोमध येते.

जाता जाता एक खुलासा. खांदे उडवण्याच्या प्रकरणात स्कॉटच्या निरीक्षणांमध्ये बंगाली मजुरांबरोबर ‘धांगर’ असा शब्द येतो. मराठी वाचकाला तेथे आपले धनगर आठवतील, परंतु त्या काळी कलकत्त्याकडे हा शब्द छोटा नागपूरहून मजुरीला येणाऱ्या उरांव लोकांसाठी वापरत असत. त्याच पानांवर अर्स्किनचेही निरीक्षण आहे : येथील लोक खांदे उडवतात, पण युरोपीय माणसाइतकी कोपरे आत वळवत नाहीत, आणि कधीकधी खांदे उडवताना दोन्ही हात, एकावर एक न ठेवता, छातीवर ठेवतात. मी हे वाचून आरशासमोर उभा राहिलो होतो. ‘माझ्याच्याने नाही होणार बाबा’ म्हणताना आमच्या आजोबांचे हात असेच छातीवर जात.

---

रानवाटा

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, तरी मला नगरकरांच्या संकोचाची बाजू घ्यावीशी वाटते. वाचक म्हणून ज्याला ऑर्किडचे परागीभवन समजून घ्यायचे आहे, त्याने केवळ त्या विषयाची पत्रे निवडली तर त्यात काही चुकत नाही. विषयवार शोध घेण्याची सोय तेवढ्यासाठीच आहे.

आणि संकोचाला अर्थही आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी, १८३९ मध्ये, एमाने नवऱ्याला एक पत्र लिहिले. सिद्ध झाल्याशिवाय काहीच मानायचे नाही ही शास्त्राची सवय, ज्या गोष्टी त्या रीतीने सिद्ध करता येत नाहीत त्यांच्याबाबतीतही तुझ्या मनावर पगडा बसवत नसेल ना, असे ती विचारते. एकाच घरात राहणाऱ्या नवऱ्याला तिने हे तोंडाने न सांगता लिहून दिले, यावरून ते तिला किती जड गेले असेल ते समजते. डार्विनने तो कागद जपून ठेवला आणि त्याच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिले, की मी मेल्यावर तुला कळो, की कितीतरी वेळा मी याचे चुंबन घेतले आहे आणि यावर रडलो आहे. हे त्या दोघांचे होते. ते तिसऱ्यासाठी लिहिलेले नव्हते. मी ते वाचले आहे, पण वाचल्यावर आपण बंद दाराशी उभे होतो अशी भावना माझ्या मनातून गेली नाही.

---

सोनचाफा

रानवाटा, आपण लिहिलेले मला पटते आणि तरीही मी नगरकरांना उलट सल्ला देईन. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले असे, की घरगुती भाग वगळण्याचे काम त्या कुटुंबाने एकदा करून पाहिलेले आहे. मुलगा फ्रान्सिस याने १८८७ मध्ये वडिलांचे चरित्र आणि पत्रे तीन खंडांत काढली. त्याच्या प्रेमाबद्दल आणि परिश्रमाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. आज आपल्याला डार्विनची दिनचर्या इतकी तपशीलवार माहीत आहे ती त्याच्यामुळेच. परंतु त्यात समाविष्ट केलेल्या आत्मचरित्रातून धर्मविषयक काही मजकूर एमाच्या इच्छेनुसार गाळला गेला आणि तो १९५८ मध्ये नात नोरा बार्लो हिने परत घातला, तेव्हा फ्रान्सिसच्या त्या प्रकाशनाला सत्तर वर्षे उलटून गेली होती. मधल्या पिढ्यांनी जो डार्विन वाचला तो आपल्या जवळच्या माणसांशी असलेल्या मतभेदाचे ओझे वागवणारा नव्हता. आपण आज स्वतःहून तीच कात्री का चालवावी?

दुसरे कारण डार्विनची मुलगी ॲनी हिचे आहे, आणि ते आपल्या मूळ पुस्तकाशी थेट जोडलेले आहे.

१८५१ च्या वसंतात दहा वर्षांच्या ॲनीला उपचारासाठी मॉल्व्हर्न येथे डॉक्टर गली यांच्याकडे ठेवले होते. एप्रिलच्या मध्याला तिची प्रकृती बिघडली म्हणून डार्विन तेथे धावला. एमाचे दिवस भरत आले होते, त्यामुळे ती डाउनलाच राहिली. त्या आठवड्यात दोघांनी एकमेकांना जी पत्रे लिहिली ती मी सलग एका बैठकीत वाचली आणि नंतर दोन दिवस दुसरे काही वाचू शकले नाही. टपाल गाठायला वेळ लागत असल्याने एमाच्या हातात पडणारी बातमी नेहमी आधीची असे. ती आशेचे पत्र वाचून उत्तर लिहीत असताना तिकडे आशा मावळलेली असे. डार्विन मुलीच्या उशाशी बसून लिहितो : पेज किती चमचे पोटात गेली, उलटी किती वाजता झाली, नाडी कशी आहे, चेहरा कसा ओळखू न येण्याइतका ओढला आहे, आणि पाणी दिल्यावर तिने किती गोडव्याने आभार मानले. २३ एप्रिलला दुपारी बारा वाजता ती गेली. आठवडाभराने, ३० एप्रिलला, त्याने तिच्याविषयी काही पाने लिहून ठेवली आणि त्यांत तिच्या हालचाली, तिचे हावभाव, आनंदाने उजळणारा चेहरा यांचे वर्णन आहे.

ही नजर कोठून आली ते पाहा. पहिला मुलगा विल्यम १८३९ च्या डिसेंबरात जन्मला तेव्हापासून बाळ रडते कसे, हसते कसे, रागावते कसे याच्या नोंदी तो ठेवत होता. त्या नोंदींतून पुढे भावनाभिव्यक्तीचे पुस्तक उभे राहिले आणि १८७७ मध्ये एका नियतकालिकात तान्ह्या मुलाविषयीचा लेखही आला. आता प्रश्नावलीतले शब्द पुन्हा वाचावेत : भुवया कशा होतात, ओठांचे कोपरे खाली येतात का. नगर जिल्ह्यात अर्स्किनकडे जे प्रश्न आले, ते पुस्तकी डोक्यातून निघालेले नव्हते. ज्याने पाळण्यातला चेहरा वाचला होता आणि मरणाऱ्या मुलीचाही चेहरा वाचला होता, अशा माणसाने ते विचारले होते. घरगुती पत्रे वगळली तर आपल्याला ती प्रश्नावली दिसेल, पण ती कशातून आली हे दिसणार नाही.

संकोच मलाही वाटतो. म्हणून मी अशी पत्रे तुकड्यातुकड्यांनी, उद्धृत करण्यासाठी म्हणून, वाचत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते आणि त्यांविषयी फारसे बोलत नाही. येथे बोलले, कारण प्रश्नच तो होता.

---

नगरकर_वाचक

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले याबद्दल आभार. सोनचाफाताई, आपला प्रतिसाद वाचून मी माझी योजना बदलली आहे. कालपासून १८५८ चा जून महिना वाचायला घेतला आहे.

बीजांकुर सरांनी सांगितल्याप्रमाणे खांदे उडवण्याविषयीची पानेही पुन्हा वाचली. स्कॉटने एका बंगाली मजुराला उंच झाडावर चढायला सांगितल्याचा प्रसंग तेथे आहे. तो नाही म्हणाला. स्कॉटला तो आळशी वाटला, म्हणून त्याने आग्रह धरला. मग त्या माणसाचा चेहरा उतरला, हात खाली पडले, डोळे आणि तोंड विस्फारले, आणि झाडाकडे पुन्हा पाहून त्याने कोपरे आत वळवत, तळवे उघडे करत मान हलवली. डार्विनच्या दृष्टीने हे असमर्थता दाखवणाऱ्या हावभावाचे उत्तम उदाहरण होते. मला मात्र त्या माणसाच्या भीतीपलीकडे जाता आले नाही. त्याचे नाव तेथे नाही. त्या झाडावर त्याला अखेर चढावे लागले का, तेही तेथे सांगितलेले नाही. आमच्या जिल्ह्यातल्या लोकांनी साहेबासमोर चेहरा कोरा ठेवला असे अर्स्किन म्हणतो, त्याचा अर्थ मला या प्रसंगावरून उमगला. सगळ्या पत्रव्यवहारात ज्यांच्या चेहऱ्यांबद्दल लिहिले गेले, त्यांच्या हातचे एकही पत्र मला अजून भेटलेले नाही.

---

जुनी_पाने

नगरकर, आपले शेवटचे वाक्य मला लागले, कारण पत्रव्यवहार वाचताना जे हाती नाही त्याचाही हिशेब ठेवावा लागतो, हे मी उशिरा शिकलो.

आपल्याकडे वाण्याच्या दुकानात बिले टोचून ठेवायची उभी तार असते, तशा तारा डार्विनकडे होत्या. आलेली पत्रे तो तारेवर टोचून ठेवी. तारा मोजक्याच होत्या, म्हणून त्या भरल्या की काही वर्षांची पत्रे जाळून त्या मोकळ्या करी. फ्रान्सिसने लिहून ठेवले आहे, की यामुळे १८६२ च्या आधी आलेली जवळजवळ सगळी पत्रे नष्ट झाली. त्यानंतर मात्र महत्त्वाची पत्रे ठेवावीत असे घरच्यांनी त्याच्या गळी उतरवले. जी वाचली त्यांतली काही त्याने स्वतःच कापून, कामाचा तुकडा विषयवार कप्प्यांत टाकलेला होता. वॉलेसचे टर्नाटेहून आलेले ते पत्रही आज उपलब्ध नाही.

कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथच्या बाबतीत याच्या उलट झाले आहे. हा एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक होता. १८५५ पासून त्याने डार्विनला हिंदुस्थानातली गुरे, कोंबड्या, कबुतरे, शेळ्या यांविषयी पानेच्या पाने लिहिली. ती पत्रे आहेत, पण त्या वर्षांत डार्विनने त्याला लिहिलेली बहुतेक पत्रे हरवली आहेत. त्यामुळे प्रश्न काय होता, हे उत्तरावरून ताडावे लागते. ८ डिसेंबर १८५५ च्या पत्रात ब्लाइथ विचारतो, की नियतकालिकात आलेला वॉलेसचा प्रजातींविषयीचा लेख तुम्हाला कसा वाटला, मला तर एकंदरीत चांगला वाटला. टर्नाटेचे पत्र हाती पडण्याआधी अडीच वर्षे! डार्विनने आपल्या प्रतीवर त्या लेखाविषयी ‘फारसे नवे नाही’ असा शेरा मारला होता, तो मात्र उरला आहे.

जून १८५८ वाचत आहात तर एक सुचवतो. व्यक्तीनुसार न वाचता तारखेनुसार वाचा. १८ जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंतची सगळी पत्रे, लायलची, हूकरची, नातेवाइकांची, एकापाठोपाठ घ्या आणि संपादकांच्या तळटिपा सोडू नका. कोणते पत्र मिळालेले नाही हे तेथेच नोंदलेले असते. त्यानंतर ब्लाइथचे डिसेंबर १८५५ चे पत्र पुन्हा काढा.